रोशन नव्हे, रोहन

रत्नप्रभा उजागरे चेन्नईला आली तेव्हा तिला तमिळचे दोनच शब्द येत होते, आणि त्यांतला एक ती चुकीचा उच्चारायची. तेवीस वर्षांनी ती भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करायची, रिक्षावाल्याला गल्लीबोळ सांगायची आणि रविवारी सकाळी तीनशे माणसांसमोर माइक धरून तमिळ प्रवचनाचं वाक्यागणिक हिंदी करायची. ह्या शेवटच्या कामावर तिचा फार जीव होता.

ती मूळची नगरची, मिशन कंपाउंडात वाढलेली. तिचे वडील अप्पा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी उपासनेहून घरी आलं की जेवणाआधी अप्पांची परीक्षा ठरलेली. "आज पाळकसाहेब काय म्हणाले? आणि ते शास्त्रात कुठं आहे? काढून दाखव." ताटात रस्सा गार होत असायचा आणि भावंडं भराभर पानं उलटत असायची. एकदा रत्नप्रभाने वैतागून विचारलं होतं, "अप्पा, पाळकांवर तुमचा विश्वास नाही का?" अप्पा हसले होते. "अगं, बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून बघायचे. शास्त्रानं त्यांना नावं नाही ठेवली, त्यांचं कौतुकच केलं. आणि जो देवाचं नाव घेऊन बोलतो त्याचं तर दोनदा तपासावं."

लग्नानंतर नवरा दिनानाथ याला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. मोटारींच्या सुट्या भागांची मापं तपासायची गेजं बनवणारा छोटासा कारखाना. दोघांनी आदंबाक्कमला भाड्याने घर घेतलं. रत्नप्रभा जवळच्या शाळेत हिंदी शिकवू लागली. मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. ते दुःख दोघांनी घरातच ठेवलं, कुणाला फारसं सांगितलं नाही.

रविवारी दोघं सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या चर्चला जात. तिथली तमिळ म्हणजे प्रार्थनेतली जुनी, अवघड तमिळ. लोक वाईट नव्हते, पण एकोणीस वर्षं रत्नप्रभा शेवटून दुसऱ्या बाकावर बसली आणि तिथंच राहिली. कुणी तिला पुढे बोलावलं नाही.

मग चार वर्षांपूर्वी शाळेतल्या ग्रेसी मिसने तिला वेलाचेरीच्या एका हॉलमध्ये नेलं. खाली फर्निचरचं दुकान, वर हॉल. तिथे ब्रदर अरुळदास प्रार्थना घ्यायचे. पंचेचाळिशीचा, सडपातळ, हळू आवाजाचा माणूस. ते ओरडत नसत. डोळे मिटून थोडा वेळ गप्प उभे राहत, आणि मग म्हणत, "चौथ्या ओळीत एक बहीण आहे. बाहेरगावची आहे. तिच्या घरात दोनदा पाळण्याची तयारी झाली, आणि दोनदा पाळणा रिकामा राहिला. प्रभू म्हणतो, मुली, मी मोजलेत तुझे अश्रू."

रत्नप्रभा चौथ्या ओळीत बसली होती. ती तिथेच कोसळून रडली.

त्या दिवसापासून ती त्या मंडळीची झाली. पुढे हॉलमध्ये उत्तरेकडची आणि महाराष्ट्रातली पोरं येऊ लागली, आयटीतली, मोटार कारखान्यांतली. त्यांना तमिळ कळत नव्हतं, म्हणून दुभाषी हवा होता. ब्रदरनी तिला व्यासपीठावर बोलावलं. मंडळीतल्या बायका तिला वाट करून देऊ लागल्या, मुलं वाकून "सलाम काकू" म्हणू लागली. शेवटून दुसऱ्या बाकावरची बाई थेट माइकपाशी आली होती. आपल्याला ते आवडतं, हे तिला ठाऊक होतं. त्यात काही वाईट आहे असं मात्र वाटत नव्हतं.

दिनानाथ दोनदा आला आणि मग आपल्या जुन्या चर्चला जाऊ लागला. "का हो?" तिने विचारलं.

"माइक फार मोठा आहे तिथला," तो म्हणाला. एवढंच.

मंडळीतल्या प्रार्थनेच्या विनंत्या सरोजाअक्का पाहायच्या. त्या ब्रदरच्या थोरल्या बहीण, पांढऱ्या साडीतली, गुडघे दुखणारी प्रेमळ बाई. तमिळ लोक आपलं दुःख थेट त्यांना सांगत. हिंदी-मराठी मुलांचं दुःख रत्नप्रभाकडून जाई. रविवारी दुपारी पोरं तिच्याकडे जेवायला येत, पोटभर खात आणि मग एकेक जण मन मोकळं करी. शनिवारी सकाळी रत्नप्रभा ते सगळं फोनवर आवाजी संदेशात बोलून अक्कांना पाठवी, कारण तमिळ लिहिण्यात तिचा हात चालत नसे. आणि रविवारी कधी कधी ब्रदर डोळे मिटून त्याच मुलाच्या त्याच दुःखाचं नाव घेत.

तिच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण तिने स्वतःची समजूत घातली होती. आपण प्रार्थनेला दिलं, प्रभूने उत्तर दिलं. ह्यात नवल ते काय? शिवाय प्रश्न विचारायचा तर तो स्वतःच्या चौथ्या ओळीपर्यंत मागे गेला असता. तिकडे तिला जायचं नव्हतं.

ह्या मुलांमध्ये रेवा होती. श्रीरामपूरची, सव्वीस वर्षांची, एका सॉफ्टवेअर कंपनीत तपासणीचं काम करणारी. बोलायला कमी, पण भांडी घासायला सगळ्यांच्या आधी उभी. मार्चमध्ये तिच्या गळ्यात गाठ लागली. थायरॉइडची. सुईच्या तपासणीत पेशी संशयास्पद निघाल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण थांबण्यासारखंही नाही, मेच्या दुसऱ्या आठवड्यात काढून टाकू.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी रेवा ओट्यापाशी उभी राहून ताटं पुसत होती. एकाएकी म्हणाली, "काकू, मला ऑपरेशनची भीती नाही वाटत. मला वाटतं, हे मला मिळायलाच पाहिजे होतं."

"असं काय बोलतेस?"

मग तिने सांगितलं. ती तेरा वर्षांची होती, भाऊ नऊचा. त्याचं नाव तिने एकदाच, पुटपुटत घेतलं. दोघं कालव्यावर गेली होती. ती मैत्रिणीशी बोलत बसली. वळून पाहिलं तर काठावर फक्त चपला. "मला त्याच्याकडे बघायला सांगितलं होतं," रेवा म्हणाली. "घरात आजपर्यंत त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. आई तर नाहीच." रत्नप्रभाने तिला जवळ घेतलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे तिने अक्कांना संदेश पाठवला.

मे महिना लागला होता. त्या रविवारी हॉलचे पंखे गरगरत होते, पण हवा नुसती गरम. प्रवचन संपलं. ब्रदर अरुळदासांनी डोळे मिटले. रत्नप्रभा त्यांच्या डाव्या हाताला माइक धरून उभी.

"मला पाणी दिसतंय," ब्रदर म्हणाले. तिने हिंदीत म्हटलं. "वाहतं पाणी. काठावर लहान चपला. एक लेकरू आहे. त्याचं नाव... रोशन. तो प्रभूच्या मांडीवर बसलाय. तो म्हणतो, ताई, तुझी काही चूक नव्हती."

रत्नप्रभाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तोंड आपोआप भाषांतर करत राहिलं. सहाव्या ओळीत रेवा उठून उभी राहिली होती आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देत होती.

"तो म्हणतो, ताई, तुझ्या गळ्यात जे आहे ते माझंच दुःख आहे. आज ते निघालं. प्रभू म्हणतो, मी बरं केलेल्या देहाला आता सुरी लागू देऊ नकोस. सुरी म्हणजे अविश्वास."

हेही तिने हिंदीत म्हटलं. शब्दन्‌शब्द.

घरी आल्यावर तिने दिनानाथला सगळं सांगितलं. तो वर्तमानपत्राची घडी करत ऐकत होता. "मेलेल्या लेकराचा निरोप?" तो म्हणाला. "मेलेल्यांना विचारायला जाऊ नका असंच तर शास्त्र सांगतं. अप्पांनी ह्याचं पान काढून दाखवायला सांगितलं असतं तर तू काय दाखवलं असतंस?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची असते," असं म्हणून ती आत गेली. पण बोल लागला होता.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. आवाज इतका हलका की आधी ओळखूच येईना. "काकू, मी रुग्णालयात कळवून टाकलं. ऑपरेशन रद्द. तेरा वर्षांनी मला आज श्वास घेतल्यासारखं वाटतंय." मग थोडं हसून म्हणाली, "फक्त एक सांगू? रागावू नका. तुम्ही भाषांतर करताना चुकून रोशन म्हणालात. त्याचं नाव रोहन होतं. ब्रदर बरोबरच बोलले असतील, माझंच तिकडे लक्ष नव्हतं."

"हो का," रत्नप्रभा म्हणाली. "असेल. गडबडीत होतं असं."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. भाषांतरात चूक झालेली नव्हती. ब्रदर रोशनच म्हणाले होते. तमिळमध्ये, स्पष्ट. मग चूक कुणाची?

सोमवारी दिनानाथ कामावर गेल्यावर तिने फोन उघडला आणि शनिवारचा आपलाच संदेश लावला. तिचा स्वतःचा आवाज, घाईच्या तमिळमध्ये, मागे मिक्सर चालू. ‘अक्का, रेवासाठी खास प्रार्थना. तिचा धाकटा भाऊ पाण्यात बुडून गेला. काठावर फक्त चपला सापडल्या. त्याचं नाव रोशन...’

तिने तो तीनदा ऐकला. शाळेत सातवीत तिचा एक विद्यार्थी होता, रोशन. दिवसातून दहा वेळा तेच नाव तोंडात. रोहनच्या जागी ते नकळत येऊन बसलं होतं. ही चूक जगात फक्त एकाच बाईने केली होती, आणि फक्त एकाच फोनवर पाठवली होती. ती चूक जशीच्या तशी रविवारी व्यासपीठावर, प्रभूच्या नावाने, परत आली होती.

आणि मग जिथे जायचं तिने चार वर्षं टाळलं होतं तिथे मन आपसूक जाऊन पोचलं. दोनदा पाळणा रिकामा राहिला. हे तिने चेन्नईत एकाच बाईला सांगितलं होतं. ग्रेसी मिसला.

वाटलं तर गप्प बसता आलं असतं. रेवाने तर वाट आयती काढून दिली होती. दुभाषीची चूक, एवढ्यावर सगळं मिटत होतं. रेवाच्या आवाजातला तो हलकेपणा तसाच राहिला असता. तिचा स्वतःचा माइकही राहिला असता. पण गाठही गळ्यातच राहिली असती.

बुधवारी सकाळी ती हॉलवर गेली. सरोजाअक्का एकट्याच होत्या, खुर्च्यांच्या रांगा सरळ करत. रत्नप्रभाने संदेश लावून फोन त्यांच्यापुढे धरला. अक्का ऐकत राहिल्या.

"मुलाचं नाव रोहन होतं, अक्का," रत्नप्रभा तमिळमध्ये म्हणाली. "रोशन मी चुकून म्हणाले. प्रभूला त्या लेकराचं खरं नाव ठाऊक नाही का?"

अक्का खुर्चीवर बसल्या. त्यांनी गुडघे चोळले. "रत्ना," त्या म्हणाल्या, "तो खरंच प्रार्थना करतो गं. पहाटे उठतो. सुरुवातीला काही काही त्याला खरंच उमगायचं, मी पाहिलंय. पण दर रविवारी कुठून येणार? तीनशे माणसं आशेने बघत बसलेली. एकदा काही आलं नाही, तर पुढच्या रविवारी निम्मा हॉल रिकामा. तेव्हापासून मी त्याला कागद देते."

"आणि ऑपरेशन करू नको, हे कुठल्या कागदावर होतं?"

अक्कांनी मान खाली घातली. "ते माझं नाही. ते तो बोलून गेला."

तेवढ्यात ब्रदर अरुळदासच जिना चढून आले. बहिणीच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं. रत्नप्रभाने त्यांनाही तेच सांगितलं. ते चिडले नाहीत. नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "बहिणी, आत्मा वाटेल त्या मार्गाने काम करतो. तुझा संदेशही त्यानेच पाठवला असेल. त्या मुलीचं मन बरं झालं की नाही? फळ बघ. चिकित्सा करत बसणं हा सैतानाचा धंदा आहे."

चार दिवसांपूर्वी ह्या वाक्यावर तिची मान खाली गेली असती. आज तिला अप्पांच्या जेवणाच्या ताटापुढे बसल्यासारखं वाटलं. "ब्रदर," ती म्हणाली, "आत्म्याला सत्याचा आत्मा म्हणतात. त्याला माझ्या चुकीची गरज कशाला लागेल? आणि फळ म्हणाल तर त्या मुलीने ऑपरेशन रद्द केलंय. तिला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"तू सांगितलंस तर तिचा विश्वास मोडेल. त्याचा जाब तुला द्यावा लागेल."

"तुमच्यावरचा मोडेल," रत्नप्रभा म्हणाली. "तो मोडलेलाच बरा."

ती जिना उतरली. खाली दुकानाच्या दारात ठेवलेल्या नव्या सोफ्यावर ती बसली, तर मालकाने पाणी आणून दिलं. तिने ते घटाघटा प्यायलं आणि तिथूनच रेवाला फोन केला.

गुरुवारी रेवा कामावरून थेट आली. रत्नप्रभाने चहा केला नाही की इकडतिकडचं काही बोलली नाही. समोर बसवून म्हणाली, "रेवा, भाषांतरात मी चुकले नव्हते. मी त्याच्या आधी चुकले." आणि संदेश लावून, त्यातलं तमिळ वाक्यागणिक मराठीत सांगत, फोन तिच्या हातात दिला.

रेवाने संदेश ऐकला. पुन्हा ऐकला. तिला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे तो काही म्हणालाच नाही," ती म्हणाली. "ताई, तुझी चूक नाही, असं कुणीच म्हणालं नाही."

"ब्रदर म्हणाले. रोहन नाही."

"का सांगितलंत मला?" रेवा ओरडली. कधी आवाज न चढवणारी पोर. "चार दिवस, काकू! फक्त चार दिवस मी नीट झोपले! ते पण तुम्ही काढून घेतलंत. आणि मी स्वयंपाकघरात सांगितलेलं तुम्ही त्यांना कशाला सांगितलंत? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"माझं चुकलं," रत्नप्रभा म्हणाली. "मी प्रार्थनेच्या नावाखाली तुझं बोलणं बाहेर नेलं. तू मला माफ कर किंवा करू नको. पण ऑपरेशन कर. रोहनच्या तोंडी जे घातलं गेलं त्याच्यावर विसंबून गाठ ठेवू नको."

रेवा पर्स उचलून निघून गेली. दार तिने आपटलं नाही, उघडंच टाकलं.

पुढचे सहा दिवस तिचा फोन नाही की संदेश नाही. ह्या सहा दिवसांत रत्नप्रभाने एक काम केलं. ज्या ज्या मुलांबद्दल तिने अक्कांना संदेश पाठवले होते त्या अकरा जणांना तिने एकेक करून फोन लावला. वाक्य एकच. "तुझ्याबद्दल व्यासपीठावरून जे सांगितलं गेलं ते आधी मी सांगितलेलं होतं. मला माफ कर." अथर्व नावाचा पुण्याचा मुलगा हसला. "मला संशय होताच, काकू. पण तुमची पाव-भाजी खायला मिळायची म्हणून येत होतो." रणवीरने फोन ठेवला आणि तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. एक मुलगी रडली. दोघांनी सांगितलं, आम्ही तरी ब्रदरना सोडणार नाही, तुम्हीच बहकलात. शाळेला सुट्टी असली तरी ती ग्रेसी मिसच्या घरीही जाऊन आली. ग्रेसी ओशाळली. म्हणाली, "मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं गं." रत्नप्रभाला ते खरं वाटलं, कारण तिनेही सगळं भल्यासाठीच केलं होतं.

रविवारी ती दिनानाथबरोबर जुन्या चर्चला गेली. पाळकांनी शांतपणे उतारा वाचला आणि तेवढ्यावर थोडं बोलले. कुणाच्या घरातलं काही त्यांना दिसलं नाही. रत्नप्रभाच्या खांद्यांवरचा ताण सैल पडला. आज पुढे कुणाला काय सांगितलं जाईल ह्याची धाकधूक नाही, ते खरं ठरवायची जबाबदारी नाही. चार वर्षांत तिला हे ओझं आहे असं कळलंही नव्हतं. प्रार्थनेत ती रेवासाठी फक्त एवढंच म्हणाली, "हिचं तू बघ." आणि ह्या खेपेला ते कुणाला पाठवायचं नव्हतं.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली. रेवा होती. डोळे सुजलेले, पण चेहरा निवळलेला.

"मी आईला फोन केला," ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. "मी म्हटलं, खोटं तर खोटं, पण ते वाक्य ऐकल्यावर मला इतकं बरं वाटलं, तर खऱ्या माणसाला विचारून तरी बघावं. मी विचारलं, आई, माझी चूक होती का?"

"मग?" रत्नप्रभाने विचारलं.

"आई रडायलाच लागली. मग म्हणाली, ‘वेडे, त्या दिवशी कालव्याला आवर्तन सुटलं होतं. पाणी वाढणार हे आम्हा मोठ्यांना माहीत होतं, तुला नव्हतं. आणि कालव्यावर मीच तुम्हाला पाठवलं होतं. तेरा वर्षं मला वाटतंय की तू मला दोष देतेस, म्हणून तू बोलत नाहीस.’" रेवाने डोळे पुसले. म्हणाली, "तिला वाटत होतं मी दोष देते, मला वाटत होतं ती देते. आम्ही दोघी दोन तास रडत होतो फोनवर. ती उद्याच्या गाडीने येतेय. ऑपरेशन सोमवारी आहे."

रत्नप्रभाने तिला आत ओढलं आणि ह्या खेपेला चहा टाकला.

"मला तुमचा अजून राग आहे," रेवा कप घेताना म्हणाली.

"असू दे. राग घेऊन जेवायला बस, पण बस."

रेवाची आई अलकनंदा आली. उभ्या बांध्याची, हातात भाकरीचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन आलेली बाई. रत्नप्रभाच्या घरीच उतरली. सोमवारी सकाळी तिघं रुग्णालयात बसले. दिनानाथने गिंडीहून रजा काढली होती. तो बाहेरच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता आणि दर पंधरा मिनिटांनी उगीच उठून दाराकडे बघून येत होता. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. व्यवस्थित झालं, म्हणाले. रेवाचा आवाज दोन दिवस घोगरा राहिला, पण त्या घोगऱ्या आवाजातही ती आईशी अखंड बोलत होती. रोहनला गूळ-शेंगदाणे किती आवडायचे, तो शाळेत कसा खोटी पोटदुखी काढायचा. त्या मायलेकींत तेरा वर्षांनी ते नाव मोकळेपणाने घेतलं जात होतं.

पुढच्या शुक्रवारी अहवाल आणायला रत्नप्रभा आणि अलकनंदा दोघीच गेल्या. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. "गाठ चांगली नव्हती," ते म्हणाले. "कर्करोगच होता. पण अगदी सुरुवातीचा, आवरणाच्या आतच. बाहेर कुठेही पसरलेला नाही. वेळेवर काढला. वर्षभर थांबला असतात तर गोष्ट वेगळी झाली असती. आता नियमित तपासण्या, बाकी काही नाही."

अलकनंदाला तमिळ-इंग्रजी काहीच कळत नव्हतं. ती रत्नप्रभाच्या तोंडाकडे बघत होती. रत्नप्रभाने डॉक्टरांना एकदा पुन्हा विचारून घेतलं, कुठलाही शब्द आपला भरीला पडू नये म्हणून, आणि मग मराठीत सांगितलं. अलकनंदाने पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

खाली उतरल्यावर दोघींच्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही. उपाहारगृहात गर्दी होती. रत्नप्रभाने दोन प्लेट पोंगल घेतलं. तूप सुटलेलं, वर मिरी आणि काजू. अलकनंदाने चमच्याने थोडं उचलून बघितलं.

"ही खिचडीच की," ती म्हणाली.

"खिचडीच. पण इथं सकाळी खातात."

अलकनंदाने पहिला घास घेतला, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती. मिरी दाताखाली आली तशी ती ठसकली, हसली, आणि तिचं हसणं बघून रत्नप्रभालाही हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरची माणसं बघू लागली. दोघी पदराने डोळे पुसत हसत राहिल्या, आणि प्लेट रिकाम्या झाल्यावर अलकनंदा म्हणाली, "बाई, अजून एक-एक मागव ना."